मुरारी उतेकराचं एकच गणित

मुरारी उतेकर गवंडी होता आणि त्याला एक गणित येत होतं. पोलादपुरात गवंडी पुष्कळ आहेत, आणि एकापेक्षा जास्त गणितं येणारी माणसंही असतील. पण तालुक्यातल्या निम्म्या कचेऱ्यांत टेबलामागे जी माणसं बसली आहेत, ती मुरारीच्या कृपेनं बसली आहेत. त्यातला एक कारकून मी. माझं नाव किरण, आणि हे मी कचेरीत कधी सांगितलेलं नाही.

गणित असं होतं. एक रेषा दिलेली असते. रेषेच्या बाहेर एक टिंब दिलेलं असतं. त्या टिंबातून जाणारी आणि दिलेल्या रेषेला लंब असलेली दुसरी रेषा शोधायची आणि तिचं समीकरण लिहायचं. आमच्या वेळी दहावीच्या भूमितीच्या पेपरात हे चार मार्कांना यायचं, आणि बहुतेक दर वर्षी यायचं. गणित दीडशे मार्कांचं होतं, पास व्हायला त्रेपन्न लागायचे. डोंगरावरच्या वाड्यांमधून दीड-दोन तास चालत शाळेत येणारी पोरं एकोणपन्नास, पन्नास, बावन्न अशा ठिकाणी येऊन अडकायची. मग घरातलं कुणीतरी सांगायचं, "जा, मुरारीकडं जा."

मी एकोणनव्वद साली गेलो. बाजारपेठेत तो एका दुकानाचा गिलावा करत होता. हातातली थापी खाली न ठेवता त्यानं मला एकच प्रश्न विचारला, "किती?"

"पन्नास."

"हुईल."

अठ्ठेचाळीसवाल्याला तो सरळ हात जोडायचा. "माज्याजवळ चारच हायत रे," म्हणायचा. "तू महाडला क्लासला जा."

आता, पेपर दर वर्षी नवा असतो. गेल्या वर्षीचे पन्नास कुठे शिंक्यावर ठेवलेले नसतात, की त्यात चार घातले आणि चोपन्न झाले. ही गोष्ट मुरारीच्या ध्यानात आली नाही, माझ्या आली नाही, आणि आमच्या शाळेच्या मास्तरांच्याही आलेली मी पाहिली नाही. पन्नास आपले आहेतच, अशा समजुतीनं पोरगं निवांत पेपराला बसायचं, आणि निवांत बसल्यामुळे त्याला पन्नास पडायचे. वर मुरारीचे चार. मला चोपन्न पडले. चुकीच्या हिशेबानं इतकी माणसं बरोबर पास झालेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

फी नव्हती. दोरीचं एक टोक धरायचं, घमेलं द्यायचं, आणि दुपारची भाकरी झाली की शिकवणी. ओल्या गिलाव्यावर मुरारी खिळ्यानं दोन अक्ष मारायचा, त्यावर एक तिरकी रेषा आणि बाजूला टिंब. मग कुणाकडेही न बघता चार वाक्यं म्हणायचा. "चढ काढ. उलटा कर. चिन्ह फिरव. टिंबावरनं ने." रेषेचा चढ दोन छेद तीन निघाला, की उलटा करून तीन छेद दोन. त्याला उणे लावायचं. तो चढ घेऊन टिंबावरून रेषा न्यायची, की आलं समीकरण. शेवटी दोन्ही चढांचा गुणाकार करून बघायचा. उणे एक आला, की गणित बरोबर. मग तो रंधा, म्हणजे गिलावा सपाट करायची फळी, फिरवून भिंत कोरी करायचा आणि खिळा आपल्या हातात द्यायचा. "आता तू."

तीनदा बरोबर आलं की शिकवणी संपली. पोलादपूरच्या बाजारपेठेतल्या किती भिंतींत ती गणितं बुजलेली आहेत, हे आता भिंती फोडल्याशिवाय कळणार नाही.

एकच गणित का, हेही सांगायला हवं. मुरारी स्वतः अठ्ठ्याहत्तर साली दहावीला गणितात नापास झाला आणि थोरल्या चुलत्याबरोबर गवंडीकामाला लागला. तीन वर्षांनी हार्डवेअरच्या दुकानातून खिळे आणले, ते एका गाईडाच्या पानात बांधलेले होते. खिळे वापरून झाले, पान राहिलं. पाठपोट एकच गणित होतं, सोडवून दाखवलेलं. मुरारीनं ते पावसाळ्यात, काम नसताना, इतक्या वेळा वाचलं की त्याला ते आलं. दुसरं पान त्याला मिळालं नाही, म्हणून दुसरं गणित आलं नाही. पानाच्या अगदी तळाला 'टीप :' एवढंच छापलेलं होतं आणि तिथं पान संपत होतं. मुरारीला वाटायचं, लिहिणारा काहीतरी सांगणार होता आणि मग म्हणाला, जाऊ दे.

मी त्याला एकदा विचारलं होतं, की चढ उलटाच का करायचा? तो म्हणाला, "पानावर तसं हाय." मी म्हटलं, मुरारीदादा, तुम्ही गवंडी माणूस, दिवसभर गुण्या लावून काटकोन बघता, तुम्हाला ठाऊक असणार. त्याला माझा प्रश्न आवडला नाही. "काम येगळं, गणित येगळं," तो म्हणाला. "दोन्ही एकात कालवली म्हंजे दोन्ही बिघडतात."

हे त्याचं मत एकोणीस वर्षं टिकलं. ते मोडलं माझ्या घराच्या ओसरीत, म्हणून ही गोष्ट सांगायचा अधिकार माझा आहे असं मी समजतो.

नव्व्याण्णव साली दिवाळी झाल्यावर मी घर बांधायला काढलं आणि काम मुरारीला दिलं. माझ्या बायकोनं, माधुरीनं, तेव्हाच बजावलं होतं, की तो मनुष्य भिंती बांधतो कमी आणि पोरं पास करतो जास्त. बायकोचं ऐकायला हवं होतं. जोतं झालं, भिंती कमरेएवढ्या आल्या, आणि एका मंगळवारी रंजिता आली.

रंजिता वरच्या वाडीवरची. वाडी म्हणजे आंबेनळी घाटाच्या अंगाला, सडकेपासून दीड तास चढून गेल्यावर पंचवीस-तीस घरं, आणि घरांपेक्षा जास्त गुरं. वय बत्तीस, नवरा मुंबईला कँटीनमध्ये, दोन मुलं. वाडीच्या अंगणवाडीत ती सहा वर्षं मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांना गोळा करून आणायची, त्यांची नाकं पुसायची. अंगणवाडीच्या बाई म्हणजे तुळजाबाई, त्यांचे गुडघे गेले होते, त्यामुळे अक्षरं गिरवून घेणं आणि गाणी म्हणून घेणं हेही रंजिताच करायची. आता तुळजाबाई जूनअखेर सोडणार होत्या. जागा रंजिताला मिळेल, पण दहावीची गुणपत्रिका तीस जूनच्या आत आणून दाखवायची, असं तिला तालुक्याच्या कचेरीतून तोंडी सांगितलेलं होतं. नाहीतर खालच्या गावातली दुसरी बाई नेमणार. खालच्या गावातली बाई तो डोंगर आठवड्यातून कितीदा चढेल, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. तसं एका वाडीवर आधी झालेलं होतं, आणि तिथली अंगणवाडी कुलपासकट अजून उभी आहे.

रंजिताचे बाकी सगळे विषय सुटले होते. गणित दोनदा गेलं होतं.

"किती गो?" मुरारीनं जोत्यावरून विचारलं.

"एकोणपन्नास."

मुरारी खाली उतरला. एकोणपन्नासवाला म्हणजे कडेलोटाच्या टोकावरचा माणूस. चारातला एक जरी कमी पडला तरी गेला. "चारच्या चार पायजेत तुला," तो म्हणाला. "हुईल. पन काना-मात्रा चुकायची नाय."

पुढे तीन महिने ती दर मंगळवारी अंगणवाडीचा अहवाल कचेरीत द्यायला खाली आली, की दोन तास माझ्या घरावर थांबायची. दोरीचं टोक धरायची. भिंतीचा थर लावताना दोन कोपऱ्यांना दोरी ताणतात, ती पाणसळीत आहे का बघतात, म्हणजे दोन्ही टोकं सारख्या उंचीवर आहेत का. मग वरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडून भिंत सरळ उभी आहे का बघतात. हे ती बघायची. मुरारीला वाटायचं, बाई कामाला मदत करते आहे. चार वाक्यं तिला पहिल्या दिवशी पाठ झाली. पण तिला प्रश्न पडायचे, आणि मुरारीला प्रश्नांची सवय नव्हती.

"टिंब रेषेवरच असलं तर?"

"पानावर रेषेच्या भायर हाय."

"पन असलं तर?"

"तर बोर्डाची चूक," मुरारी म्हणाला आणि रंधा फिरवला.

मार्चमध्ये परीक्षा झाली. भूमितीच्या दिवशी मी दुपारी रजा टाकून घरावरच होतो, कारण ओसरीचा गिलावा चालला होता आणि माझी नजर नसली की मुरारी वाळू चाळत नाही. चारच्या सुमाराला रंजिता प्रश्नपत्रिका हातात घेऊन आली. चालत आली होती, तिनं ती सरळ मुरारीपुढं धरली. मुरारीनं हात पुसले, कागद घेतला, बोट खाली खाली नेलं, आणि त्याचा चेहरा फुलला.

"आलं की गो! हे बग, आलं!"

गणित आलं होतं खरं. दोन टिंबं दिली होती, उणे एक-तीन आणि सहा-तीन. त्यांना जोडणाऱ्या रेषेला लंब असलेली आणि दोन-पाच या टिंबातून जाणारी रेषा काढा. मुरारीनं खिळा घेतला आणि माझ्या ओसरीच्या ओल्या भिंतीवर सुरुवात केली. "चढ काढ," तो म्हणाला. वर तीन वजा तीन, शून्य. खाली सहा अधिक एक, सात. शून्य छेद सात. "उलटा कर." सात छेद शून्य. "चिन्ह फिरव." त्यानं पुढे उणे लावलं. आणि मग तो थांबला.

पुढचं वाक्य त्याच्या तोंडात होतं, पण टिंबावरून न्यायला हातात काही नव्हतं. त्यानं शून्याकडे बघितलं, ते पुसलं, परत काढलं. परत शून्यच आलं.

"खाली शून्य चालत नाय," रंजिता हळू आवाजात म्हणाली. "शाळेत सांगितलेलं."

"पानावर असं नाय," मुरारी म्हणाला. "पानावर दोन छेद तीन हाय." मग त्यानं विचारलं, "मंग तू काय केलंस?"

"मी पन हितंवर आले. घाम फुटला. पाठचा बाक हलला तरी दचकत होते. मंग म्हटलं, दोन्ही टोकं तीनवर हायत. म्हंजे दोरी पाणसळीत हाय. पाणसळीतल्या दोरीला काटकोनात काय असतं? ओळंबा. टिंब दोनाच्या खुणेवर हाय, उंची पाच. तिथनं ओळंबा सोडला, तर तो वरपासनं खालपतूर दोनावरच ऱ्हातो. उंची कितीबी असूं दे. म्हंजे x बरोबर दोन."

"आनि पेपरात काय लिवलंस?"

"हेच."

"हेच म्हंजे?"

"आधीचं खोडलं. खाली लिवलं, दोन्ही टोकं तीनवर म्हणून दोरी पाणसळीत, टिंबावरून ओळंबा सोडला, x = 2."

मुरारीनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. गिलावा वाळत चालला होता.

"बोर्डाच्या पेपरात ओळंबा लिवलास?" मुरारीनं विचारलं.

"मंग काय लिवणार होते? तेच दिसत होतं मला."

ओळंबा तिथंच होता, ओसरीच्या खांबाच्या वरच्या खिळ्याला लटकलेला, कारण सकाळी त्यानं स्वतःच तो तिथं अडकवला होता. मुरारी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. सतराव्या वर्षापासून ती वस्तू त्याच्या हातात होती. त्यानं तिला गणितात कधी येऊ दिलं नव्हतं.

रंजिता तिन्हीसांजेच्या आत वाडीवर पोचायचं म्हणून निघून गेली. त्या दिवशी गिलावा तसाच वाळला. तिथं नंतर भिंत खरवडावी लागली.

पेपर मार्चमध्ये झाला आणि निकाल जूनमध्ये लागायचा होता. मधले अडीच महिने मुरारीनं माझं डोकं खाल्लं. बोर्डाचा मास्तर ओळंबा मानेल का? मानला तर चारही देईल, का दोनच देईल? खोडलेलं वाचेल का? मी कारकून आहे, म्हणून मला माहीत असणार अशी त्याची समजूत होती. मी त्याला सांगितलं, की दादा, सरकारी कागदावर जे लिहायचं ते ठरलेल्या शब्दांतच लिहावं लागतं. हे मी सहज बोललो. पण तो दोन दिवस कामाला आला नाही.

शेवटी एका रविवारी मी त्याला महाडला हाटे सरांकडे नेलं. बुद्धरत्न हाटे सर म्हणजे हायस्कूलचे गणिताचे शिक्षक. त्यांच्याकडे अठ्ठेचाळीसवालेच काय, अठरावालेही पास होऊन बाहेर पडतात असं ऐकून होतो. सर बनियनवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. मुरारी उभाच राहिला. मी गणित सांगितलं, मुरारीनं पुढचं सांगितलं, आणि शेवटी "ओळंबा सोडला" हे शब्द आल्यावर सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"उत्तर बरोबर आहे," सर म्हणाले. "कारणही बरोबर आहे. मी असतो तर चार दिले असते. पण पेपर कुठं गेला, कुणाच्या हातात गेला, हे मी सांगू शकत नाही."

"पन उलटा केला तर खाली शून्य येतंय," मुरारी म्हणाला.

"येणारच. आडव्या रेषेचा चढ शून्य. तिला लंब ती उभी रेषा, आणि उभ्या रेषेला चढच नसतो. तिथं तो गुणाकाराचा नियम लावायचाच नाही." सरांनी उठून कपाटातून एक जुनं गाईड काढलं, पानं उलटली आणि पुढं धरलं. "हे बघा. तळाशी टीप आहे, आणि तिचा मजकूर पुढच्या पानावर आहे."

मुरारीनं तळाची 'टीप :' ओळखली. एकोणीस वर्षं ती त्याच्या पेटीत होती. त्यानं समोरचं पान बघितलं. तिथं दोन ओळी होत्या, बारीक अक्षरांत, की हा नियम अक्षांना समांतर असलेल्या रेषांना लागू नाही. त्यानं त्या बोट ठेवून दोनदा वाचल्या.

"सर, हे खाली का लिवलंय? वर का नाय?"

हाटे सरांनी ती टीप स्वतः परत वाचली. "कुणी विचारलं नव्हतं आजवर," ते म्हणाले आणि आतल्या बाजूला वळून चहा टाकायला सांगितलं.

परतीच्या एसटीत मुरारी खिडकीशी बसला होता. सावित्री नदीच्या कडेनं गाडी चालली होती, आणि त्याला काही दिसत नव्हतं. पोलादपूर यायच्या आधी तो एवढंच म्हणाला, "एकोणीस वर्सं मी अर्दंच शिकवत व्हतो रे किरण. कुनाला आडवी रेषा आली असती तर त्याचा मुडदा पडला असता." मी म्हटलं, आली नाही ना कुणाला. "आली की," तो म्हणाला. "रंजिताला आली." आणि मग, लाज वाटणाऱ्या माणसासारखा नव्हे, खरोखरच लाज वाटली म्हणून तो म्हणाला, "ओळंबा माज्या हातात, आनि दिसला तिला. मला लाज वाटते."

मे महिन्यात ऑक्टोबरच्या परीक्षेला बसणारी दोन पोरं त्याला शोधत आली. एक एक्कावन्नवाला होता, दुसरा बावन्न. मुरारीच्या हिशेबानं ती आधीच पास होती. त्यानं त्यांना परत पाठवलं. "निकाल लागूं दे," म्हणाला. पोरांना वाटलं, आपला निकाल तर लागून गेलाय. ती गोंधळून निघून गेली.

रंजिता मंगळवारी यायची तशी येतच होती. ती मुरारीला काही विचारायची नाही आणि मुरारी तिला काही विचारायचा नाही. फक्त दोरी धरायला तिला बोलवायचं त्यानं थांबवलं होतं. एकदा ती माधुरीजवळ बोलली. "वहिनी, झालं नाय तर नाय होऊं दे, मी मदतनीस तर हायच. पन ती दुसरी बाई येनार नाय वर. पोरं दारात येऊन बसतील, आनि मला खिचडीच्या पुढं काय करायचा हक्क नसंल." बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं माधुरीनं मला सांगितलं. मग हेही सांगितलं, की तुमचं घर राहू दे, आधी त्या बाईचं होऊ दे. माझ्या बायकोनं घराबद्दल असं बोलणं, ही साधी गोष्ट नव्हती.

जूनमध्ये निकाल लागला. गुणपत्रिका शाळेत यायला आणखी काही दिवस गेले, पण तीस तारीख अजून यायची होती. तोवर आम्ही मागच्या खोलीत राहायला आलो होतो आणि मुरारी माझ्या माजघराच्या आतल्या गिलाव्यावर आला होता. बाहेर पावसाची झड होती. मी रजा टाकून घरी होतो आणि परांचीखाली उभा राहून, वाळू चाळली आहे की नाही, याच्यावर वाद घालत होतो. तेवढ्यात दारात रंजिता आली. छत्री मिटली, प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला, आणि पुढं यायच्या ऐवजी तिथंच उभी राहिली.

मुरारीनं वरून बघितलं नाही. भिंतीकडं तोंड ठेवूनच त्यानं विचारलं, "किती?"

"त्रेपन्न."

"बरं," मुरारी म्हणाला आणि रंधा फिरवत राहिला.

माधुरी आतून धावत आली, तिनं रंजिताला मिठी मारली, साखर आणायला परत आत गेली. मी गुणपत्रिका हातात घेऊन दोनदा वाचली, कारण वाचणं हा माझा धंदा आहे. गणित, त्रेपन्न. निकाल, उत्तीर्ण. वर परांचीवर रंधा त्याच हातभर जागेवर फिरत होता. ती जागा केव्हाच झालेली होती. मुरारी पाठमोरा रडत होता, आणि आम्ही दोघांनी ते पाहिलं.

"ओळंब्याला चार दिले का त्यांनी?" त्यानं वरून विचारलं.

ते गुणपत्रिकेत नसतं. एकूण मार्क असतात. तरी मी म्हणालो, "दिले तर. नाहीतर एकोणपन्नासच झाले असते." कुणी हरकत घेतली नाही. या हिशेबात काय चूक आहे हे मला आता कळतं, आणि मी तो परत तसाच करीन.

मुरारी उतरला. माधुरीनं दिलेली साखर त्यानं तोंडात टाकली. मग माझ्या हातातला कागद बघायला मागितला. हात गिलाव्याचे होते म्हणून लांबूनच बघितला.

"तो सतरा नंबरचा फॉर्म," तो म्हणाला, "भायरनं बसनाऱ्यांचा. तो वय झालेल्यालाबी भरता येतो?"

"मी बत्तीसची बसले की," रंजिता म्हणाली. "कुनाला भरायचाय?"

"मला."

मला हसू आलं, पण आलं नाही असं दाखवलं. एकोणीस वर्षं तो आमच्यासारख्यांना पास करत होता, आणि चार मार्कांसाठी हा माणूस स्वतः का बसला नाही, असं कुणाच्या मनात आलं नसेल असं नाही. आम्ही समजत होतो, की गवंड्याला दाखला हवा कशाला.

"तुम्ही तर बसाच, मुरारीदादा," मी म्हटलं. "तुमचे चार तुमच्याजवळच आहेत."

"मला चार नव्हते कमी," मुरारी म्हणाला. "सोळा व्हते."

सोळा कमी म्हणजे ज्याला तो स्वतः बघताक्षणी हात जोडून महाडला पाठवायचा, तो माणूस. हे तो आजवर कुणाला बोलला नव्हता. आम्हीही कधी "किती?" म्हणून त्याला विचारलं नव्हतं.

रंजितानं बोटांवर हिशेब केला. घाई केली नाही, अंगणवाडीत करते तसा, एकेक बोट दुमडून.

"सोळा म्हंजे चार गणितं," ती म्हणाली. "एक तुम्हाला येतं. ऱ्हायली तीन. ती मी शिकवते. मंगळवारी येतेच हाय मी."

"आजबी मंगळवारच हाय," मुरारी म्हणाला.

माझ्या माजघराची ती भिंत त्यामुळे आणखी आठ दिवस लांबली.